एकादशीचं ताट : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आजपासून भरली. नववीचा पहिला तास माझाच होता. आषाढी ६ जुलैला आहे, म्हणजे पुरते तीन आठवडेही हातात नाहीत. यंदाच्या प्रदर्शनासाठी विषय ठरवून टाकला : एकादशीचं ताट. ताटातल्या प्रत्येक जिनसाचं मूळ गाव शोधायचं आणि नकाशावर दाखवायचं.

मुलांनी फळ्यावर यादी लिहून दिली. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वरीचा भात, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा, केळं, दही, चहा. मी विचारलं, यातलं ज्ञानेश्वर माउलींच्या काळात काय काय असेल? चहा सोडून सगळ्याला हात वर झाले.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला १४९२ मध्ये. मधे २०२ वर्षं आहेत. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, राजगिरा आणि या सगळ्यांत पडणारी हिरवी मिरची हे सारं त्या २०२ वर्षांच्या पलीकडचं. मी फळ्यावरच्या एकेका नावाखाली रेघ मारत गेले तसा वर्ग शांत झाला. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग बाई, माउली खायचे काय?”

याच प्रश्नावर प्रदर्शन उभं करायचं.

१७ जून, मंगळवार

गट पाडले. एका गटाला सांबार घ्यायचं होतं. संभाजी महाराजांवरून ते नाव पडलं, तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात चिंचेची आमटी झाली, ही गोष्ट साताऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. मला स्वतःला ती लहानपणापासून आवडते. पण तिच्यामागे त्या काळचा कागद कुणी दाखवलेला नाही. आपण पुराव्याचं तेवढंच लावायचं, असं ठरलं. मुलं हिरमुसली, पण ऐकलं त्यांनी.

१९ जून, गुरुवार

आजचा दिवस साबुदाण्याचा. मुलांपैकी निम्म्यांना वाटत होतं की साबुदाणा झाडाला लागतो. डाळीसारखा.

खरा साबुदाणा एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या गराचा. हे झाड न्यू गिनी, मोलुक्का बेटांकडचं. मलय भाषेत त्याला ‘सागू’ म्हणतात. त्याचा दाणा तो सागुदाणा, आणि आपल्या तोंडी तो साबुदाणा झाला. पण आज आपण जो खातो त्यात सागूचा कणही नाही. तो टॅपिओकाचा, म्हणजे कसावा नावाच्या कंदाचा असतो, आणि कसावा दक्षिण अमेरिकेतला. नाव एका झाडाचं, दाणा दुसऱ्याचाच.

कंद पोर्तुगीजांबरोबर केरळात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला जोर दिला. साबुदाण्याचा धंदा मात्र सेलमचा. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडला, तेव्हा १९४३च्या सुमाराला सेलमचे माणिक्कम चेट्टियार आणि पेनांगहून आलेले पोपटलाल शहा यांनी कसाव्याच्या सत्त्वापासून दाणे पाडायला सुरुवात केली. आज आपल्या बाजारात येणारं बहुतेक पोतं तिकडचंच.

करायची रीत मुलांना नीट समजावली. कंद सोलून, धुऊन किसायचा. पाण्यात कालवून गाळायचा. ते दुधासारखं पाणी हौदात निवळू द्यायचं, मग तळाशी पांढरा साका बसतो. ओलसर साका फोडून तो झोळीत किंवा यंत्रात हलवला की आपोआप गोळ्या वळल्या जातात. त्या चाळायच्या, गरम तव्यावर शेकायच्या, उन्हात वाळवायच्या. कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. या धुण्या-किसण्यात ती निघून जातात. ज्यांनी पहिल्यांदा हा विषारी कंद खाण्याजोगा केला, त्या अ‍ॅमेझॉनकाठच्या बायकांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांची नावं कुठंच नाहीत.

वर्गात दोन वाट्यांत साबुदाणा भिजत घातला, एक गार पाण्यात, एक उकळत्या. उकळत्यातला लगेच वरून चिकट झाला आणि आत टणक राहिला. सत्त्व वरच्या वर शिजतं आणि पाणी आत शिरू देत नाही. खिचडीचा गिचका का होतो ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

२२ जून, रविवार

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ८८ वर्षांच्या. माहेर जावळीतलं, डोंगराच्या अंगाचं. ऐकून त्यांना जराही धक्का बसला नाही.

“आमच्या लहानपणी साबुदाणं म्हंजी आजाऱ्याचं खाणं गं. ताप आला की वाण्याकडनं पसाभर आणायचं आन् कांजी करून द्यायची. उपासाला कोण खातंय? उपासाला वरी. आमची आई डोंगरउतारावर पेरायची ना वरी, नाचणीच्या शेजारी.”

खिचडी त्यांनी पहिल्यांदा कुठं खाल्ली? लग्न होऊन साताऱ्यात आल्यावर. म्हणजे १९५०च्या दशकात. सेलमचा दाणा निघाल्यावर दहा-पंधरा वर्षांनी तो आमच्या घरच्या चुलीवर आला. १९४३ हे साल मी वाचलं होतं, पण ते खरं वाटायला लागलं ते आज त्यांच्या बोलण्यानं. त्यांचं हे बोलणं शब्द न बदलता पाटीवर लिहायचं. त्यांनी परवानगी दिली आहे.

२४ जून, मंगळवार

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरच्या बादलीत भुईमूग लावला होता. यंदा मेमध्येच पावसानं झोडपलं, तरी जगला. आज ती बादली रिक्षातून शाळेत नेली.

मुलांना एकेक करून जवळ बोलावलं. पिवळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत कोमेजतं. मग त्याच्या बुडातून जांभळट, सुईसारखी आरी निघते आणि वाकून खाली खाली जाते. आमच्या रोपाच्या तीन आऱ्या मातीत घुसल्या होत्या, एक अजून बोटभर वर होती. त्या आरीच्या टोकाला शेंग धरते, आणि तीही अंधारात गेल्यावरच. एका मुलीनं त्या लोंबत्या आरीखाली चिमूटभर माती सारली. शेतकऱ्याच्या घरची आहे. तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिचे आजोबा ‘कराड ४-११’ हे पसरं वाण लावायचे, असं तिनंच सांगितलं.

या रोपाचं माहेर बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी. पेरू देशात सिपान इथं १९८७ मध्ये मोचे लोकांच्या एका राजाची कबर सापडली, सुमारे १७०० वर्षांपूर्वीची. त्याच्या गळ्यात शेंगांच्या आकाराच्या मण्यांचा हार होता. एका बाजूला दहा शेंगा सोन्याच्या, दुसऱ्या बाजूला दहा चांदीच्या. शेंगेवरची जाळीसुद्धा कोरलेली. मी चित्र दाखवलं तेव्हा वर्गात कुणीतरी खरोखरच्या शेंगा फोडत होतं. मी रागावले नाही. शेंग हातात धरूनच तो हार बघायला हवा.

२६ जून, गुरुवार

आज नावांचा तक्ता. या प्रकल्पातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

मिरची आली तेव्हा आपल्याकडे तिखटाला मिरी होती. म्हणून नवीन आलेली ती मिरची. भुईत धरणारा दाणा तो भुईमूग, मुगाशी काही नातं नसताना. रताळ्याला नाव मिळालं जुन्या ‘रक्तालु’वरून. सीताफळ, रामफळ तर थेट रामायणात नेऊन बसवली, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्हींचं मूळ अमेरिकेच्या उष्ण भागात सांगतात. परकं रोप आलं की त्याला घरातलं नाव द्यायचं, अशी आपल्या बोलीची रीत दिसते. नाव मिळालं की दोन-तीन पिढ्यांत तो पाहुणा राहत नाही. म्हणूनच माझ्या वर्गातले सगळे हात वर झाले होते.

बटाट्याचं उलट झालं. त्याला मराठी नाव मिळालंच नाही, पोर्तुगीज ‘बटाटा’ तसाच राहिला. आणि तो शब्दही मुळात बटाट्याचा नाही. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. म्हणजे आपण रोज बटाट्याला रताळ्याच्या नावानं हाक मारतो. हे सांगितलं तेव्हा मुलं बाकावर उभी राहायची तेवढी बाकी होती.

२७ जून, शुक्रवार

फ्लेक्स छापून आला, तो वापरता येणार नाही. आम्ही ‘अमेरिका खंड’ लिहून दिलं होतं. छपाईवाल्यानं तिथं अमेरिकेचा झेंडा लावून दिला. मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया सगळे त्या झेंड्याखाली गेले. मला फार वाईट वाटलं, कारण हे सगळं अन्न ज्या लोकांनी हजारो वर्षं खपून घडवलं, तेच पुसले गेले. वर्गणीचे सहाशे रुपये गेले.

चित्रकलेच्या सरांनी तोडगा काढला. घरून जुनं धोतर आणलं. त्यावर मुलं हातानं जगाचा नकाशा काढणार, मधोमध पितळी ताट ठेवायचं आणि प्रत्येक वाटीतून त्या त्या देशापर्यंत लोकरीचा धागा. फ्लेक्सपेक्षा हे कितीतरी चांगलं दिसेल.

२८ जून, शनिवार

अर्धी शाळा. सुटल्यावर राजगिरा फुलवला.

लोखंडी कढई कडकडीत तापवायची. एका वेळी एकच चमचा दाणे. कापडाच्या बोळ्यानं सारखे फिरवायचे. मोहरीपेक्षा बारीक दाणा, दोन-तीन सेकंदांत तडतडून पांढरा होतो. जास्त टाकले की खालचे जळतात, वरचे तसेच राहतात. पहिल्या तीन कढया वाया गेल्या, चौथीपासून हात बसला. गुळाचा पाक करून लाडू वळले.

आता याचं जुळं भावंड बघा. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याला ‘वाउत्ली’ म्हणत. राजाला कर म्हणून तो भरला जाई. सणाला राजगिऱ्याच्या पिठाच्या देवाच्या मूर्ती करून त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश लोकांना हे पाखंड वाटलं आणि त्यांनी ते बंद पाडलं. पीक मागे पडलं, पण गेलं नाही. आजही मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुलवलेला राजगिरा मधात किंवा पाकात थापून विकतात. त्याला ‘अलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे आनंद. तिकडे देवाचं म्हणून ज्याच्यावर बंदी आली, ते धान्य इकडे देवाच्या दिवशी खायचं ठरलं. पालेभाजीचा माठ आपल्याकडे जुना आहे, दाण्याचा राजगिरा मात्र तिकडचा.

३० जून, सोमवार

कोरेगावकडच्या एका मुलानं डबाभर वाघ्या घेवडा आणला. उपासाचा नाही, पण साताऱ्याचं प्रदर्शन आणि घेवडा नाही असं कसं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. तांबूस दाणा, वर वाघासारखे पट्टे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि घेवड्याची ही सगळी जात मूळची मेक्सिको आणि अँडीजची.

मुलाचा चेहरा उतरला. “म्हणजे आमचा नाही?” त्याला समजावलं. मानांकन जन्माचा दाखला नसतो. या मातीत, या पाण्यावर दाण्याला जी चव आणि जो रंग येतो, त्याचा तो दाखला असतो. त्याचे वडील, आजोबा दरवर्षी उत्तम दाणा निवडून बियाण्याला ठेवत आले, ते काम कोरेगावातच झालं. हे मी समजूत घालायला सांगितलं नाही, मला तसंच वाटतं.

स्ट्रॉबेरीही घेतली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये मानांकन मिळालं. ही फळजात निसर्गात कुठंच नव्हती. अमेदे फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीतल्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेला होता. १७१४ मध्ये परतताना त्यानं तिथल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं जगवून आणली. फ्रान्समध्ये ती वाढली, पण फळेनात, कारण सगळी मादी रोपं होती. शेजारी उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीची रोपं लावली तेव्हा फळ धरलं. त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी निघाली. दुशेन नावाच्या तरुण अभ्यासकानं १७६६ मध्ये ते ओळखलं. स्ट्रॉबेरीला फ्रेंचमध्ये ‘फ्रेझ’ म्हणतात, आणि फ्रेझिएचं आडनावही त्याच शब्दावरचं.

इंग्रजांनी ती महाबळेश्वरला आणली. ते ठिकाण त्यांच्याकडे आलं १८२९ मध्ये, प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन, खंडाळ्याच्या बदल्यात.

२ जुलै, बुधवार

चहा. ताटातला सर्वांत तरुण जिन्नस.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे त्यांत होते. पुढे नावं छापून आली, गावभर वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आक्षेप मिशनऱ्यांच्या हातचं घेतलं याला होता. तरी एका कपानं एवढं रामायण घडलं. १९०३ मध्ये चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पानं चिरडून दाणेदार चहा करायचं सीटीसी यंत्र काढलं. त्या चहाचा थोड्या पुडीत जास्त रंग उतरतो. आज निर्जळी सोडून बाकी कुठल्याही उपासाला चहा चालतो.

३ जुलै, गुरुवार

एक पालक भेटायला आले. माळकरी. मुलानं घरी काय सांगितलं कोण जाणे, त्यांना वाटलं शाळा उपास खोटा ठरवतेय. त्यांना बसवून धोतरावरचा नकाशा दाखवला. त्यांनी सगळे धागे नीट पाहिले. मग म्हणाले, “हळद नाही दिसत कुठं.”

नाहीच. शेजारच्या सांगलीची हळद, जी अस्सल या भूमीतली, ती आमच्याकडे उपासाला चालत नाही, आणि मेक्सिकोची मिरची चालते. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्या आलं. त्यांच्या नावे आभार लिहायला विचारलं, तर नको म्हणाले. पण ताटाबाहेर हळकुंडाची वाटी ठेवली आहे, बिनधाग्याची.

त्यांच्या बोलण्यावरून पाटीवरचं एक वाक्य बदललं. ‘हे पदार्थ आपले नाहीत’ काढलं. ‘हे पदार्थ इथवर कसे आले’ असं केलं.

५ जुलै, शनिवार

प्रदर्शन झालं. सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत रांग हटली नाही. सगळ्यात जास्त गर्दी सासूबाईंच्या पाटीपुढे. तीन आज्या म्हणाल्या, आमच्याकडेही असंच होतं. एकीनं तर साबुदाण्याऐवजी त्या काळी काय काय करायचे ते मुलांना लिहून घ्यायला लावलं. त्या वहीची पानं जपून ठेवायची आहेत.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर आज चुलीवर करून पाहिलं. १४९२च्या आधी होऊ शकलं असतं असंच ताट. मिरची नाही, बटाटा नाही, शेंगदाण्याचं कूट नाही.

वरी कोरडी भाजून तुपात जिऱ्याची फोडणी, वर भरडलेली मिरी आणि सैंधव. ताकाला शिंगाड्याचं पीठ लावून आलं घातलेली कढी. सुरण आमसुलाच्या पाण्यात उकडून, म्हणजे खाजत नाही, मग तुपात परतलेला. केळं आणि गूळ. कूट नसल्यानं कढी पातळ राहील अशी धास्ती होती, पण शिंगाड्यानं ती छान धरली.

सासूबाईंनी वरीचा पहिला घास घेतला आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मिरची जिभेला लागती. ही घशात उतरल्यावर लागती. आमची आजी मिरीच घालायची बघ, मी विसरलेच हुते.”

दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यांनी. मिरी अजून थोडी चालली असती, पुढच्या वेळी भात शिजतानाच घालायची. संध्याकाळसाठी नातवंडांनी खिचडी मागितली म्हणून साबुदाणा दुपारीच भिजवून ठेवला होता, गार पाण्यात.

बादलीतला भुईमूग ऑगस्टच्या मध्यावर उपटायचा. वर्गाला तारीख कळवायची आहे.